दोरीपलीकडचे पाहुणे

१

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहात मी तीन वर्षं एकटा राहिलो, आणि त्या खोलीत जे घडलं ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

एकटा म्हणजे, आम्ही तिघं होतो. तीन खाटा, तीन टेबलं, एक खिडकी. आणि पाहिलं म्हणजे बहुतेक ऐकलंच. नीट पाहिलं ते एकदाच, आणि तेव्हा माझ्या डोळ्यांत साबण होता. पण या किरकोळ दुरुस्त्या झाल्या, बाकी सगळं खरं. मी "खरं सांगतो" म्हटलं की आमची बायको टीव्हीचा आवाज वाढवते. तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिचं माझ्याशी लग्न झालंय, त्यामुळे तिचं मत एकतर्फी आहे.

शहर एवढं मोठं होतं की तिथे भाड्याची खोली मिळवण्यापेक्षा नोकरी मिळवणं सोपं. दोन्ही मिळालेला माणूस मी तरी पाहिला नाही. वसतिगृहाची इमारत लांबून दवाखान्यासारखी दिसायची आणि जवळून तुरुंगासारखी. मला मात्र ती राजवाडा वाटायची. कारण आमचे बाबा शिंपी, आणि गाडीत बसवताना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "वसतिगृहात खाट आहे तोवर शीक. खाट गेली की दुसऱ्या दिवशी दुकानात. मला काजं करायला माणूस हवाच आहे."

मी लहानपणापासून काजं केलेली. भोक पाडा, कडा शिवा, गाठ मारा, पुढचं भोक. एका शर्टाला किती काजं असतात हे तुम्हाला माहीत असेल, पण ते आठवून तुमची बोटं आखडत नसतील. माझी आखडतात. तेव्हा ती लोखंडी, मधोमध खचलेली, कुरकुरणारी खाट म्हणजे माझं सगळं आयुष्य होतं, एवढं ध्यानात ठेवा.

२

माझे सोबती माझ्या आधी आलेले. एक वकील. म्हणजे कायद्याच्या पहिल्याच वर्षाला, पण "मला वाटतं" असं न म्हणता "आमचं म्हणणं असं आहे की" असं म्हणायचा. दुसरा पंप. तो गणितवाला. झोपला की विहिरीवर मोटर लावल्यासारखा घोरायचा आणि जागा झाला की वीज गेल्यासारखा गप्प. मी भूगर्भशास्त्राला. खाटेखाली दगड जमवायचो, म्हणून माझं नाव पडलं दगड्या.

खिडकीच्या बाजूला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी बांधलेली होती. गच्चीवर वाळत घातलेले कपडे दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या अंगावर दिसायचे, त्यामुळे आमचे कपडे कायम त्या दोरीवर. त्या कपड्यांच्या पडद्यामागे, दोरी आणि खिडकी यांच्यामध्ये, एक गादी मावेल एवढी जागा होती. तिथे एक गादी होती. आणि गादीवर एक माणूस राहायचा.

यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक खोलीत एखादा पाहुणा असायचाच. कोणाचा मावसभाऊ मुलाखतीला आलेला, कोणाचा मित्र घरमालकानं हाकललेला, कोणाचा मेहुणा नुसताच आलेला. दिवसा कोणी भेटून गेलं तर चालायचं, पण बाहेरचा माणूस ठेवायला सक्त मनाई. सापडला तर अख्खी खोली संध्याकाळच्या आत रस्त्यावर. त्यामुळे पाहुण्याला लपवणं हे सगळ्यांचं काम, आणि पाहुण्याची चौकशी करणं हे कोणाचंच नाही. "तुम्ही कोणाचे?" असं विचारणं म्हणजे "निघा आता" असं तोंडावर सांगणं. शेजारच्या खोलीत एका नवख्यानं असं विचारलं होतं. पाहुण्यानं अर्धं ताट बाजूला सारलं, पिशवी उचलली आणि चालू लागला. तो ज्याचा भाऊ होता, तो त्या नवख्याशी परीक्षा संपेपर्यंत बोलला नाही.

मी पहिल्या दिवशी आत आलो तेव्हा दोन शर्टांच्या फटीतून तो पाठमोरा दिसला. केस विंचरत होता. मान थेट वकिलासारखी, एका बाजूला कललेली. मी मनात म्हटलं, वकिलाचा भाऊ. विषय संपला.

३

पाहुणा असावा तर असा. आमच्या मजल्यावर पाणी फक्त पहाटे यायचं. उठून भरलं नाही तर दिवसभर कोरडे. आम्हा तिघांपैकी पहाट कोणी पाहिलेली नव्हती, पण जाग आली की बादल्या काठोकाठ भरलेल्या असायच्या, वर झाकणंसुद्धा. मी वकिलाच्या घरच्यांना मनोमन धन्यवाद द्यायचो. काय वळण लावलंय पोराला!

मी वर्गातून परत आलो, दार ढकललं की दोरीपलीकडून आवाज यायचा, "या, या." कधी म्हणायचा, "आलात? बसा." मऊ आवाज, अघळपघळ. सुरुवातीला फार बरं वाटायचं. त्या शहरात दिवसभर कोणी "या" म्हणत नाही, "सरका" म्हणतात.

मग एकदा जिना चढता चढता डोक्यात आलं, पाहुणा "या" कसा म्हणतो? पाहुण्यानं "येऊ का?" म्हणायचं असतं.

पायरीवर पाय तसाच राहिला. पण माझं डोकं पडलं शास्त्रवाल्याचं. मी लगेच खुलासा काढला, असते एकेकाची सवय. आमचे काका दुसऱ्याच्या लग्नात आहेर घ्यायला उभे राहतात, तसंच हे.

त्या दिवसापासून मात्र नजर जायला लागली. आमच्या चपला दाराबाहेर आडव्यातिडव्या पडलेल्या. त्याच्या आत, दारामागे, भिंतीला नीट टेकवलेल्या, घरच्या माणसाच्या असतात तशा. खुलासा काढला, चोरीची भीती. शहाणा माणूस आहे. एका रविवारी दुपारी मी दोरीवरची माझी पँट चाचपडत होतो तर पलीकडे हाताला काहीतरी थंड, खरखरीत लागलं. खुलासा काढला, भिंत. भिंत तिथून गादीभर लांब होती हे खरं, पण मी काही अंतर मोजायला गेलो नाही. भूगर्भशास्त्रात थर मोजतात, खोल्या मोजत नाहीत.

"लागलं का?" पलीकडून विचारणा झाली.

"नाही, नाही," मी म्हणालो.

"सावकाश. आपलंच घर आहे."

४

आमच्या रेक्टरांना सगळे छत्री म्हणायचे. भर उन्हातही त्यांच्या हातात मिटलेली काळी छत्री असे आणि खोलीत शिरून तिच्या टोकानं ते डोकी मोजत. "एक. दोन. तीन. ठीक." त्यापलीकडे त्यांना शिक्षणात रस नव्हता. एके दिवशी बातमी आली की छत्री या आठवड्यात कधीही तपासणीला निघणार, आणि या वेळी गय नाही.

आम्ही तिघं कँटीनमध्ये बसलो होतो. वकील खाकरला.

"दगड्या, आमचं म्हणणं असं आहे की तुझ्या भावाला आठवडाभर दुसरीकडे हलव."

"माझ्या भावाला?"

"मग काय माझ्या?"

"तुझाच ना तो!"

वकिलानं कप खाली ठेवला. "मी एकुलता एक आहे. मला बघून आईनं तिथेच थांबायचं ठरवलं."

"मग चुलत असेल. मान बघ ना त्याची, अगदी तुझी."

"मान? अरे, त्याचे कान तुझे आहेत! स्वतःला कधी मागून बघ."

"मागून कसं बघू?"

मग आम्ही दोघांनी पंपाकडे पाहिलं. तो चहात पाव बुडवत होता.

"पंप्या, तुझा का रे?"

"छे. मला वाटलं तुमच्यातल्या कोणाचा तरी. उंची दगड्याची, खोकला वकिलाचा."

"तुझ्यासारखं काहीच नाही?"

पंप विचारात पडला. पाव चहात विरघळला तरी त्याला कळलं नाही. "बोटं," तो शेवटी म्हणाला. "बोटं माझी आहेत." आणि त्यानं हात खिशात घातला.

"तोंड कोणासारखं आहे?" मी विचारलं.

वकील आणि पंप आपापल्या कपात बघायला लागले. कँटीनवाल्यानं तेवढ्यात भांडं आपटलं आणि आम्ही तिघं एकदम दचकलो, आणि एकमेकांना हसलो. हसणं फार टिकलं नाही.

"आता कोणीतरी त्याला विचारायला पाहिजे," मी म्हणालो.

"विचार की."

"मी शेवटी आलोय खोलीत. बरं दिसेल का?"

"आमचं म्हणणं असं आहे की," वकील म्हणाला, "जो विचारेल तो कबूल करेल की इतके महिने त्याला माहीत नव्हतं. मग इतके महिने तू त्यानं भरलेल्या पाण्यानं आंघोळ का केलीस? याला उत्तर नाही."

शेवटी ठरलं की थेट विचारायचं नाही, सूचक बोलायचं. खोलीत गेल्यावर वकील छताकडे बघत नाटकात बोलतात तसं मोठ्यानं म्हणाला, "या आठवड्यात तपासणी आहे म्हणे! बाहेरचा माणूस सापडला तर सगळे रस्त्यावर!"

 दोरीपलीकडून तोच मऊ आवाज आला.

"कशाला काळजी करता? मी आहे ना."

५

छत्री आली ती सुट्टीच्या दुपारी, आणि नेमका मी न्हाणीघरात. केसांना साबण, तोंडाला साबण, बादलीत लोटा बुडवलेला, आणि बाहेरच्या लांब बोळात फरशीवर टक, टक, टक.

जिवाच्या आकांतानं टॉवेल गुंडाळला आणि धावलो. दोन विचार डोक्यात होते. मी जागेवर नसलो तर शोधाशोध होईल आणि पाहुणा सापडेल. आणि पाहुणा सापडला की काजं. ओले पाय घसरत होते. एका खोलीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, आग लागली का?"

आमचं दार अर्धवट उघडं होतं. छत्री आत, माझ्याकडे पाठ. मी चौकटीला धरून डोळे चोळले आणि पाहिलं.

वकील आपल्या खाटेवर ताठ बसलेला. पंप आपल्या खाटेवर, गालावर उशीची वळी. आणि माझ्या खाटेवर, दाराकडे पाठ करून, माझा चौकड्यांचा शर्ट घातलेला कोणीतरी. कान बाहेर आलेले. मान कललेली. मांडीवर माझा एक दगड होता आणि लांब बोटांनी तो त्याला गोंजारत होता, मांजराला गोंजारतात तसं.

"एक," छत्रीचं टोक वकिलाकडे. "दोन. तीन. ठीक." मग त्या तिसऱ्याला, "भूगर्भशास्त्र ना? काय म्हणतोय अभ्यास?"

"दगडासारखा आहे, सर," तो म्हणाला. "जागचा हलत नाही."

आवाज माझा होता. मी रेकॉर्डिंगमध्ये ऐकलाय, मला ठाऊक आहे. आणि छत्री हसली! खदखदून हसली. हाच विनोद मी त्यांना दोनदा ऐकवला होता आणि दोन्ही वेळा त्यांनी मला घड्याळ दाखवलं होतं. तुम्हाला सांगतो, भीती वाटली ती नंतर. आधी अपमान वाटला.

मी वकिलाकडे पाहिलं. वकिलानं माझ्याकडे पाहिलं, आणि जिन्यात भेटणाऱ्या अनोळखी माणसावरून वळवतात तशी नजर वळवली.

तेवढ्यात छत्री वळली. "तू कोण रे?"

आता बघा, माझी काय पंचाईत झाली ती. मी या खोलीतला म्हणावं, तर खोलीत चौघं होतात. चौघं झाले की खोली रिकामी, खाट गेली. तिथे माझ्या खाटेवर माझ्या वतीनं कोणीतरी बसलं होतं, म्हणून माझी खाट शाबूत होती. ती वाचवायची तर एकच वाट होती.

"पाहुणा आहे, सर," मी म्हणालो. "भेटायला आलो होतो."

"टॉवेल गुंडाळून?"

"आमच्याकडे पाणी येत नाही, सर."

छत्रीचं टोक दाराकडे वळलं. "कपडे घालायचे आणि बाहेर. या इमारतीत मला नुसती डोकी मोजून घाम फुटतो, त्यात तुमचे साबण."

मी काही बोलायच्या आत दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. त्यात माझा दुसरा शर्ट आणि पँट. नीट घडी घातलेली. माझ्या कपड्यांना त्या दिवसापर्यंत घडी माहीत नव्हती.

"या हं पुन्हा," माझा आवाज म्हणाला.

६

समोरच्या फुटपाथवर, बसथांब्याच्या बाकावर बसलो. कानामागे साबण वाळून खाज सुटलेली. बस आली की ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो, बस निघून जायची. माणसं कामावरून परतत होती. प्रत्येकाच्या चालण्यावरून कळत होतं की त्याला कुठेतरी जायचंय.

मी स्वतःला समजावलं. साबण डोळ्यांत होता. आवाज बोळात घुमतो. कोणीतरी थट्टा करतंय. आणि मग वर पाहिलं. आमच्या खोलीत दिवा लागला होता, आणि खिडकीतल्या कपड्यांवर सावलीनं तीन डोकी उमटली होती. चहा पीत होती. एक डोकं मधूनच मागे झुकायचं आणि बाकीची दोन हलायची. म्हणजे कोणीतरी विनोद सांगत होतं आणि ते दोघं हसत होते. माझ्या विनोदाला पंप आजवर हसला नव्हता.

फाटकावर गेलो. पहारेकरी खुर्चीत पाय सोडून बसला होता.

"भेटायची वेळ संपली."

"अहो, मी इथेच राहतो! रोज बघता मला."

"बघतो की." तो अगदी प्रेमानं म्हणाला. "रोज येता. तुमच्यासारखा नेमानं भेटायला येणारा माणूस नाही. पण वेळ म्हणजे वेळ, साहेब."

"तिसरा मजला, शेवटची खोली. माझी खाट आहे तिथे."

"त्या खोलीतले तिघंही वर आहेत. आत्ताच रेक्टर साहेब मोजून गेले."

माणसाला आपण आहोत हे पटवून देता येतं, पण आपण तिसरे आहोत हे कसं पटवायचं? मी तिथून निघालो. काय सांगू, चार पावलं स्टेशनच्या दिशेनं टाकलीसुद्धा. दुकानातलं स्टूल डोळ्यांसमोर आलं, बाबांचा चष्मा आला, आणि समोर काजांची रांग, संपता न संपणारी. पाय थांबले. म्हटलं, भूत असेल तर असेल, पण काजं नकोत.

मेसच्या मागच्या दाराशी पावाची गाडी उभी होती. मी एक ट्रे डोक्यावर घेतला आणि आत शिरलो. मला कोणी अडवलं नाही. उलट आचाऱ्यानं विचारलं, "उशीर का?"

७

खोलीत दोघंच होते. वकील वाचत होता, पंप कप विसळत होता. माझ्या टेबलावर अर्धा प्यालेला चहा. हात लावून पाहिला, अजून कोमट.

"कुठे गेला होतास मध्येच?" वकिलानं विचारलं.

"मध्येच? मी दुपारपासून बाहेर आहे!"

"काय बोलतोस? आत्ता तर तू..." वकील बोलता बोलता अडखळला. त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं. साबणानं ते काटेरी झाले होते. मग त्यानं पंपाकडे पाहिलं. पंपाच्या हातातला कप खाली गेला तो फुटला, आणि आम्ही तिघंही फुटलेल्या कपाकडे न बघता दोरीकडे बघत राहिलो.

पलीकडून कंगव्याचा आवाज येत होता. सरळ, संथ.

मला आमच्याकडची रीत माहीत होती. तरी मी विचारलं. दुसरं काय करणार? खाटेचा प्रश्न होता.

"तुम्ही कोणाचे पाहुणे?"

कंगवा थांबला.  मग आवाज आला. त्यात राग असता तर बरं झालं असतं. पण त्यात नुसता संकोच होता.

"अहो, हे मीच तुम्हाला विचारणार होतो. तुम्ही तिघं कोणाकडे आलात? मला वाटलं, माझ्याकडेच. पण ओळख काही लागेना."

पंप खाली बसून कपाचे तुकडे वेचू लागला.

"म्हटलं, असतील आपल्यातलेच कोणी. विचारणं बरं दिसत नाही ना!"

"आमचं म्हणणं असं आहे की," वकील म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला काही म्हणायचं नव्हतं.

"ते साहेब मोजायला येतात, त्यांना तिघं लागतात," आवाज पुढे म्हणाला. "तुम्ही न्हायला गेला होतात. म्हटलं, आपणच बसावं, तुमची अडचण नको. चहा तेवढा प्यालो मी. रागावला नाहीत ना?"

"नाही," मी म्हणालो. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मला अजून नवल वाटतं. खाट माझ्या नावावर होती, तिच्या खाली माझे दगड होते, आणि मी विचारलं, "मग आम्ही... राहू?"

"राहा की! शिक्षण पुरं होईपर्यंत राहा. मी कधी नको म्हटलंय?"

कपड्यांच्या मागे कोणीतरी उठल्यासारखं झालं. मधला चौकड्यांचा शर्ट हळूच पुढे आला. वाऱ्यानं येतो तसाच, पण खिडकी बंद होती.

८

आता तुमचा जीव टांगणीला लावत नाही. पंपानं धीर केला आणि दोरी खसकन ओढली. सगळे कपडे खाली, आणि मागे नाट्यशास्त्राचा एक विद्यार्थी, हसून हसून लाल झालेला! मागच्या वर्षी त्याची खाट गेली होती. राहायला जागा नव्हती, अंगात नकला होत्या, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याचा भाऊ वाटेल असा राहिला. थंड लागलेली वस्तू म्हणजे त्यानं उशाशी ठेवलेला मुखवट्याचा साचा. सगळं कसं जुळलं! त्यानं माफी मागितली, गादी गुंडाळली आणि निघाला. त्याच्या चपला जिन्यावरून फटक फटक खाली जाताना आम्ही ऐकल्या. पुढे तो रंगभूमीवर नाव काढणार असं मी तेव्हाच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बादल्या रिकाम्या. आम्ही तिघं आंघोळीविना परीक्षेला गेलो.

९

हा आठवा भाग मी रचलाय.

काय करणार, लोकांना चपलांचा आवाज ऐकवल्याशिवाय झोप येत नाही. पण दोरी कोणी ओढली नाही. नाटकवाला कोणी नव्हता. आम्ही तिघांनी शर्ट पुढे येताना पाहिला आणि अत्यंत अदबीनं म्हणालो, "थँक्यू हं." मग मी केस धुतले आणि आम्ही आपापल्या खाटांवर आडवे झालो. बादल्या दुसऱ्या दिवशीही भरलेल्या होत्या.

तो राहिला, म्हणून आम्हीही राहिलो. छत्री आली की तो एका खाटेवर येऊन बसायचा, मग आमच्यातला एक टॉवेल गुंडाळून बाहेर जायचा आणि भेटायला आलेला व्हायचा. आम्ही पाळ्या लावल्या. व्यवस्था उत्तम चालली. एकच गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. वकिलाच्या पाळीला मी आणि पंप खोलीत होतो, चहा झाला, गप्पा झाल्या, वकील काहीतरी कायद्याचं बोलला, आम्ही हसलो. संध्याकाळी दार वाजलं. दारात एक घामेजलेला मुलगा, मान कललेली. मी उठलो, त्याला खुर्ची दिली आणि आमच्याकडच्या रीतीला न शोभणारा प्रश्न अगदी सहज विचारला, "बसा. आपण कोणाकडे आलात?"

तो रडायला लागला तेव्हा मी ओळखलं.

त्यानंतर आमच्यातला जो बाहेर जायचा तो जाण्याआधी बाकी दोघांचे हात घट्ट धरायचा, आणि सांगायचा, मी येणार आहे, ध्यानात ठेवा. पोटापाण्यासाठी माणूस काय काय करतो! आम्ही पास झालो. काजं चुकली.

शेवटच्या दिवशी ट्रंका बाहेर काढल्या तेव्हा तो दारापर्यंत आला होता. मी वळून पाहिलं नाही. माझ्या मानेमागे, अगदी जवळ, तो म्हणाला, "निघालात? थांबला असतात अजून." मग दारामागच्या चपला पायात घातल्याचा आवाज झाला, जिन्यापर्यंत पोचवायला येतात तसा, आणि वरच्या पायरीवर तो थांबला. "सावकाश उतरा. येत जा अधूनमधून."

तेव्हा रचलेला भाग कोणता म्हणाल, तर एवढाच की तो गेला. गेलो ते आम्ही.